आठ, आठ आणि आठ

मेलबर्नमध्ये रसेल स्ट्रीट आणि व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक उंच स्मारक आहे. त्यावर तीन आकडे दिसतात : ८, ८, ८. हे आकडे कसले असतील?

दिवसाचे तास २४. त्यातले ८ कामाचे, ८ झोपेचे आणि ८ स्वतःचे. ही मागणी घेऊन २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी, म्हणजे दगड घडवणाऱ्या कारागिरांनी, काम थांबवलं. ते मेलबर्न विद्यापीठाच्या इमारती बांधत होते. तिथून ते मोर्चाने पार्लमेंट हाउसपर्यंत गेले. शेवटी त्यांना आठ तासांचा दिवस मिळाला, आणि पगारही कापला गेला नाही.

मुंबईतही असाच लढा झाला. गिरणी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली. १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

आता भोंगा वाजून गिरणी बंद होत नाही. ऑफिस फोनमधून आपल्याबरोबर घरी येतं. म्हणून कामाची वेळ आपल्यालाच आखावी लागते.

ताण कशामुळे येतो?

काम जास्त असलं की ताण येतो, हे खरं. पण कोणतं काम आधी करायचं आणि ते कधी संपणार, हे माहीत नसलं तर ताण आणखी वाढतो. अशा वेळी हातात एक काम असतं आणि डोक्यात दहा फिरत असतात. मराठीत म्हण आहे : एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हणजे खूप गोष्टी सुरू करायच्या, पण एकही नीट पूर्ण करायची नाही.

मग करायचं काय?

१. कामं कागदावर उतरवा. सकाळी पाच मिनिटं द्या आणि आजची कामं लिहा. त्यातली सगळ्यात महत्त्वाची तीन निवडा. लिहिलेलं काम डोक्यात सांभाळत बसावं लागत नाही.

२. एका वेळी एकच काम करा. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला. २५ मिनिटं काम, मग ५ मिनिटं सुट्टी. इटालियन भाषेत टोमॅटोला 'पोमोदोरो' म्हणतात, म्हणून या पद्धतीचं नावही तेच पडलं. २५ मिनिटं फोन दूर ठेवणं कुणालाही जमतं!

३. समोरच्याचं घड्याळही बघा. आम्ही आयटीवाले मेलबर्नमधून पुण्याच्या टीमबरोबर काम करतो. हिवाळ्यात मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे असतं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत इथली घड्याळं एक तास पुढे जातात, आणि हा फरक साडेपाच तास होतो. पुण्यात दुपारी दोनची मीटिंग ठरली, तर उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. म्हणजे ऐन जेवणाची वेळ! तीच मीटिंग पुण्यात सकाळी दहाला ठेवली, तर इथे साडेतीन वाजतात. मग कुणाचंच ताट थांबत नाही.

पण सगळं आपल्याच हातात असतं का?

नाही. तुम्ही कितीही छान यादी केली आणि साहेबांचा मेसेज रात्री दहाला आला, तर यादी काय करणार? म्हणून नियमही लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. कामाच्या वेळेनंतर आलेले मेसेज न वाचण्याचा आणि उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना मिळाला. लहान व्यवसायांना तो एक वर्षानंतर लागू झाला. मात्र तुमचा नकार योग्य कारणाने हवा. खरीच तातडी असेल, किंवा अशा वेळेचा पगार तुम्हाला मिळत असेल, तर गोष्ट वेगळी.

थोडक्यात, कामाचे तास किती हे कायदा ठरवतो. त्या तासांत काय करायचं, हे आपण ठरवायचं. दोन्ही जमलं, तर उरलेले आठ तास खरंच आपले होतात : आजीला फोन करायला, क्रिकेट खेळायला, किंवा नुसतं निवांत बसायला.

करून बघा

१. कालच्या दिवसाचे २४ तास तीन रकान्यांत लिहा : काम किंवा अभ्यास, झोप, स्वतःचा वेळ. तुमचे आकडे ८, ८, ८ आहेत का?
२. घरातल्या मोठ्यांना विचारा : "तुम्ही पहिली नोकरी लागली तेव्हा किती वाजता घरी यायचात?" त्यांचं उत्तर पाच वाक्यांत लिहा.