परवाना स्कोअरवर अडत नाही

आपल्याकडे गृहकर्ज मागायला गेलेल्याचा सिबिल स्कोअर पाहतात. अमेरिकेत गृहकर्जाचे अर्ज घेणाऱ्या आणि अटी ठरवणाऱ्या 'मॉर्गेज लोन ओरिजिनेटर'चीही पत तपासली जाते. गृहकर्जांचा फुगा फुटल्यावर जुलै २००८ मध्ये तिथे 'सेफ ॲक्ट' झाला. राज्याचा परवाना हवा असेल तर २० तासांचे शिक्षण, किमान ७५ टक्के गुणांची परीक्षा, बोटांचे ठसे आणि क्रेडिट रिपोर्ट, हे सारे त्यात आले. या शेवटच्या अटीबद्दलच समज कमी आणि धास्ती जास्त आहे.

गैरसमज : स्कोअर अमुक आकड्याखाली असला की परवाना नाही.
वस्तुस्थिती : सेफ ॲक्टमध्ये किमान स्कोअर दिलेलाच नाही. अर्जदाराने 'आर्थिक जबाबदारी' दाखवलेली असावी, एवढेच कायदा म्हणतो. ती जोखताना थकलेले न्यायालयीन हुकूमनामे, कर थकवल्याबद्दल मालमत्तेवर चढलेला सरकारी बोजा, गेल्या तीन वर्षांतली घराची जप्ती आणि त्याच काळात पुन्हा पुन्हा थकलेली खाती पाहिली जातात. एखादा हप्ता चुकणे वेगळे आणि हप्ते चुकवण्याची सवय वेगळी.

गैरसमज : दवाखान्याचे बिल थकले तरी अर्ज बाद होतो.
वस्तुस्थिती : केवळ उपचारांच्या खर्चापोटी झालेला हुकूमनामा या हिशेबातून वगळला आहे. आजारपण म्हणजे बेजबाबदारपणा नव्हे, हे नियमांनाही मान्य आहे.

गैरसमज : दिवाळखोरी जाहीर केलेल्याने या व्यवसायाचा विचारच सोडावा.
वस्तुस्थिती : केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून सरकारी यंत्रणेने परवाना नाकारू नये, असे अमेरिकेचा दिवाळखोरी कायदाच सांगतो. मात्र तिच्या आगेमागे काय घडले, याबद्दल राज्याचे नियामक प्रश्न विचारू शकतात.

गैरसमज : अडचणीची गोष्ट अर्जात लिहिलीच नाही, तर कोणाला कळणार?
वस्तुस्थिती : परवान्याच्या अर्जातच दिवाळखोरी, जप्ती, हुकूमनामे यांबद्दल थेट प्रश्न असतात आणि उत्तरे खरी असल्याची ग्वाही द्यावी लागते. नियामकांच्या हाती क्रेडिट रिपोर्टही असतो. दोन्ही ताडून पाहिले की लपवाछपवी उघडी पडते. मग कर्जाचा प्रश्न मागे राहतो आणि सचोटीचा पुढे येतो. दुसऱ्याच्या घराचे कागद ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न जास्त जड आहे.

गैरसमज : या तपासणीनेच स्कोअर घसरतो.
वस्तुस्थिती : नवे कर्ज मागताना होणाऱ्या चौकशीसारखी ही चौकशी नसते. तिचा स्कोअरवर परिणाम होत नाही.

गैरसमज : बँकेत गृहकर्ज विभागात काम करणाऱ्यालाही हाच परवाना लागतो.
वस्तुस्थिती : बँकेच्या कर्मचाऱ्याची फक्त नोंदणी होते. बोटांचे ठसे त्यालाही द्यावे लागतात, पण राज्याच्या परवान्याची परीक्षा आणि क्रेडिट रिपोर्टची अट त्याला नसते. तीच व्यक्ती उद्या स्वतंत्र मॉर्गेज कंपनीत गेली की परवाना घेणे आलेच.

न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या मराठी माणसाने अर्जाआधी आपला क्रेडिट रिपोर्ट मागवून वाचावा. चुकीची नोंद दिसली तर हरकत घ्यावी. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. खरी थकबाकी असेल तर फेडीची व्यवस्था लावावी, तिचे कागद जोडावेत आणि काय घडले ते चार सरळ वाक्यांत लिहावे.