फिरत्या तबकडीवरील लेखन

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत पूर्वी ज्वारीच्या मळणीसाठी खळे करीत. मधोमध तिवडा रोवलेला असे व त्याच्याभोवती बैलांची पात फिरे. सगळे बैल एकाच वेळी फेरी पुरी करीत. परंतु तिवड्यालगतच्या बैलाला थोडेच चालावे लागे, तर कडेच्या बैलाला झपझप पावले टाकावी लागत. फेरी एक, पण वाट लहानमोठी. संगणकातील हार्ड डिस्कचे मर्म याच गोष्टीत आहे.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय द्रव्याचा पातळ थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने असे पहिले यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. आजच्या अनेक लहान तबकड्या मिनिटाला ७,२००, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेतात. त्यांच्यावरील वर्तुळाकार मार्गांवर मजकूर सूक्ष्म चुंबकीय खुणांच्या रूपाने लिहिला जातो. लिहिणारे शीर्ष तबकडीला स्पर्श करीत नाही. तिच्या वेगाबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगते. म्हणून पुरेसा वेग आल्यावाचून लेखनास आरंभ होत नाही.

जुन्या तबकड्यांत प्रत्येक मार्गावर सारखाच मजकूर लिहीत. आतला मार्ग आखूड, म्हणून तेथे खुणांची दाटी होई. शेजारच्या खुणांचा एकमेकींवर परिणाम होऊन वाचताना चूक होण्याचा संभव वाढे. त्यावर उपाय म्हणून आतल्या मार्गांवर लिहिताना विद्युत्प्रवाह कमी करीत. पुढे तबकडीचे पट्टे पाडण्यात आले. बाहेरच्या लांब मार्गांवर अधिक मजकूर आणि आतल्या मार्गांवर कमी, अशी वाटणी होऊन दाटी सर्वत्र जवळजवळ सारखी झाली.

लिहिताना यंत्राला धक्का बसला, तर शीर्ष ढळून शेजारच्या मार्गावरील मजकूर बिघडण्याचे भय असते. म्हणून शीर्ष ढळताच लेखन थांबवले जाते. आणि ऐन वेळी वीज गेली तर? फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच थोडी वीज निर्माण होते आणि तिच्या बळावर शीर्ष सुरक्षित जागी परतते. तबकडी वाचते, मात्र अर्धवट राहिलेली नोंद पुरी होईलच, असे नाही.

आज शेतकऱ्याचा सातबाराही संगणकात ठेवला जातो. जमीन कोणाची, हे सांगणारी नोंद एकाच तबकडीवर विसंबून ठेवणे बरे नव्हे. तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी लागते. सगळे बियाणे एकाच कणगीत न भरणाऱ्या शेतकऱ्याला हे शहाणपण नवे नाही.