त्यांचा बर्फ, आपला पाऊस

थंडीचे दिवस आहेत. अंगावर शाल घ्या, हातातलं निवडणं-टिपणं चालू द्या आणि ऐका.

मागच्या भागानंतर आम्हाला एका मैत्रिणीचा फोन आला. तिचा भाचा अमेरिकेत कोलोराडो नावाच्या राज्यात शिकायला आहे. नाताळच्या सुट्टीत त्याने घरी फोन केला, तेव्हा शेजारच्या आजींची गोष्ट सांगितली. या आजी रोज सकाळी सात वाजता मोजपट्टी घेऊन अंगणात जातात, पडलेला बर्फ मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. आमच्या मैत्रिणीने विचारलं, "एवढ्या गारठ्यात हा कसला छंद म्हणायचा? आणि मोजून मिळतं तरी काय?"

प्रश्न आम्हाला आवडला. आम्ही माहिती काढत गेलो, तेव्हा लक्षात आलं की या आजी एकट्या नाहीत, आणि त्यांचं काम आपल्याही उपयोगाचं आहे.

आधी बर्फ म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकींनी गारा पाहिल्यात, बर्फ पडताना पाहिलेला नाही. गारा वेगळ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला वादळी ढग येतात, त्यात पाण्याचे थेंब वाऱ्याने वर फेकले जातात, तिथे गोठतात आणि दगडासारखे खाली येतात. बर्फाचं तसं नसतं. ढगातली वाफ शून्य अंशाच्या खालच्या थंडीत थेट स्फटिक होते. ते हलके, सहा कोनांचे कण कापसासारखे तरंगत खाली येतात.

मग कुणी म्हणेल, महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ बर्फ पडल्याच्या बातम्या येतात, त्याचं काय? तो आकाशातून पडलेला बर्फ नसतो, ते गोठलेलं दव असतं. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते. त्यामुळे हवेचा पारा चार-पाच अंशांवर असला तरी गवताच्या पात्यावर आणि गाडीच्या टपावर तो शून्याला पोचू शकतो. मग तिथलं दव पांढरं होतं.

आता त्या आजींकडे वळू. ज्या देशांत हिवाळाभर बर्फ पडतो, तिथे नाताळच्या आसपास सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं. सणाला अंगण पांढरं असावं अशी हौस असते. आपण दसऱ्याला आभाळाकडे बघतो तसंच. पण हौसेलाही माप लागतं. अमेरिकेच्या हवामान खात्याचा हिशेब असा की, २५ डिसेंबरला सकाळी सात वाजता जमिनीवर निदान एक इंच बर्फ असेल तरच त्याला पांढरा नाताळ म्हणायचं. ब्रिटनचं हवामान खातं मात्र त्या दिवसाच्या चोवीस तासांत बर्फाचा एक कण पडताना दिसला तरी पांढरा नाताळ मानतं. सण तोच, पण माप बदललं की उत्तर बदलतं. म्हणून मोजणाऱ्यांनी आधी आपसांत ठरवावं लागतं की काय मोजायचं, कधी मोजायचं आणि कसं मोजायचं.

हे कसं ठरलं, त्याच्या मागे एक दुःखाची गोष्ट आहे. कोलोराडोत फोर्ट कॉलिन्स नावाचं गाव आहे. १९९७ सालच्या २७ आणि २८ जुलैला तिथे पाऊस कोसळला. शहराच्या पश्चिमेला दीड दिवसाच्या आत साडेचौदा इंच, म्हणजे साधारण ३६८ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहराच्या पूर्वेला काही मैलांवर दोन इंचसुद्धा पडला नाही. ओढ्याला पूर आला आणि पाच जणांचा जीव गेला. पाऊस असा तुकड्या-तुकड्याने पडला की थोड्याशा सरकारी पर्जन्यमापकांतून त्याचा अंदाजच येईना. तिथल्या विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ नोलन डोस्केन यांनी पुरानंतर लोकांनाच विचारलं की, तुमच्या अंगणात किती पाऊस झाला? लोकांनी आपापली मापं कळवली, तेव्हा कुठे खरा नकाशा तयार झाला.

मग असं ठरलं की पूर येऊन गेल्यावर विचारण्यापेक्षा रोजच मोजू. १९९८ साली थोड्याशा लोकांनी सुरुवात केली. पाऊस, गारा आणि बर्फ मोजणाऱ्या लोकांचं हे सहकारी जाळं. थोडक्यात त्याला 'कोकोरॉझ' म्हणतात. आज ते अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि कॅनडातही पसरलं आहे. शेतकरी, शिक्षक, शाळेतली मुलं, निवृत्त माणसं, घर सांभाळणाऱ्या बाया असे सगळे त्यात आहेत. कुणालाही पगार नाही.

बर्फ मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. पावसाचं पाणी भांड्यात गोळा होतं, बर्फ मात्र वाऱ्याने उडतो. एका कोपऱ्यात ढीग लागतो, तर दुसरीकडे जमीन उघडी पडते. शिवाय तो स्वतःच्या भाराने खाली बसतो, उन्हाने वितळतो. म्हणून ही माणसं मोकळ्या जागेत पांढऱ्या रंगाची एक सपाट फळी ठेवतात. फळी पांढरी, कारण गडद रंग उन्हाने तापतो आणि बर्फ वितळवतो. सकाळी फळीवर पट्टी उभी धरून नवा बर्फ मोजायचा. मग अंगणात आणखी चार ठिकाणी पाहून सरासरी काढायची. शेवटी फळी झाडून पुसून परत बर्फावर ठेवायची, म्हणजे उद्याचा बर्फ वेगळा मोजता येतो.

पण खरं माप पुढेच आहे. आपण पायलीभर लाह्या घेतल्या आणि पायलीभर ज्वारी घेतली, तर पायली तेवढीच भरते. पण वजन सारखं भरतं का? बर्फाचंही तसंच आहे. साधारण दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी होतं, असा ढोबळ हिशेब आहे. पण ओला, जड बर्फ असेल तर पाच इंचांतच इंचभर पाणी निघतं, आणि पिठासारखा भुसभुशीत असेल तर वीस इंच वितळवावे लागतात. म्हणून ही माणसं बर्फाचं भांडं घरात आणतात, त्यात मोजून कोमट पाणी ओततात, सगळं वितळलं की एकूण पाणी मोजतात आणि ओतलेलं पाणी वजा करतात. राहिलं ते बर्फातलं पाणी. आपल्या स्वयंपाकघरातलाच हिशेब आहे.

हे पाणी का मोजायचं? कारण तिथल्या डोंगरावरचा बर्फ म्हणजे पाण्याची साठवण. उन्हाळ्यात तो वितळतो आणि नद्यांना पाणी येतं. कोलोराडो नदीवर शेती आणि मोठमोठी शहरं अवलंबून आहेत. हिवाळ्यात डोंगरावर किती पाणी साठलं हे कळलं, तर उन्हाळ्यात किती मिळेल याचा अंदाज बांधता येतो.

या कामात बायका पहिल्यापासून आहेत. अमेरिकेत १८९० पासून गावोगावचे स्वयंसेवक सरकारसाठी रोजचं तापमान आणि पाऊस नोंदवतात. नेब्रास्का राज्यातल्या एल्समीर या छोट्याशा वस्तीत रुबी स्टफ्ट नावाच्या बाईंनी ही नोंद तब्बल सत्तर वर्षं ठेवली. १९९१ मध्ये त्यांची सत्तर वर्षं पूर्ण झाली. आता जो कुणी सत्तर वर्षं नोंदी ठेवेल, त्याला त्यांच्याच नावाचा सन्मान मिळतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. व्हरमाँट राज्यात जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचे एक शेतकरी होते. त्यांची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने त्यांना लहानपणी एक सूक्ष्मदर्शक दिला, आणि मुलगा बर्फाच्या कणांत रमला. १८८५ पासून त्यांनी पाच हजारांवर हिमकणांचे फोटो काढले. पावसाचे थेंब केवढे असतात हे मोजायला त्यांनी काय वापरलं असेल? पीठ! ताटलीत बारीक पिठाचा इंचभर थर द्यायचा आणि क्षणभर पावसात धरायचा. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. गोळ्या वाळल्या की मोजायच्या. मोठी प्रयोगशाळा नव्हती, पण नजर होती.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गावात बर्फ पडत नाही. पण उत्तरेकडच्या डोंगरांवर बर्फ पडून गेला की थंड वारे खाली उतरतात आणि आपल्याकडे गारठा वाढतो. निफाडचा पारा उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. गहू-हरभऱ्याला मात्र हीच थंडी मानवते. तेव्हा हिमालयातल्या बर्फाचा आणि आपल्या रानाचा संबंध आहेच.

पण त्याहून मोठा धडा मोजण्याचा आहे. फोर्ट कॉलिन्सला जे झालं, ते आपल्याला नवीन नाही. एका शिवारात बांध फुटतात आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते. आपल्याकडे पावसाची सरकारी नोंद महसूल मंडळाची असते, आणि एका मंडळात बरीच गावं येतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. पर्जन्यमापक एका गावात आणि पाऊस दुसऱ्या गावात, असं झालं तर आपण काय दाखवणार? "लई पाऊस झाला" एवढंच. आपल्या वहीतली नोंद सरकारी नोंदीची जागा घेत नाही, हे खरं. पण अर्ज करताना, ग्रामसभेत बोलताना, पंचनाम्याची मागणी करताना तारखेसकट आकडा असला तर बोलण्याला वजन येतं. आणि पेरणी कधी करायची, विहिरीच्या पाण्यावर कोणतं पीक घ्यायचं, हे ठरवायला तर ती वही आपल्याच कामाची.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण आहेच. तिथे गावात पाऊस मोजतात, त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याची पिकं टाळतात. घरखर्चाचा हिशेब आपण बचत गटात ठेवतोच. हा पाण्याचा हिशेब.

मोजायचं कसं ते लिहून घ्या. एक भांडं घ्या. त्याचं तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं हवं, बाजू सरळ हव्यात, तळ सपाट हवा. निमुळती बाटली किंवा पसरट तोंडाची बादली चालणार नाही. एक शंका नेहमी येते की, मोठं भांडं ठेवलं तर पाऊस जास्त भरणार ना? नाही. मोठ्या भांड्यात पाणी जास्त जमेल, पण ते तेवढंच पसरेल, त्यामुळे पाण्याची उंची सारखीच राहील. आपल्याला उंचीच मोजायची आहे.

भांडं मोकळ्या जागी, जमिनीपासून हातभर उंच बसवा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत जाणार नाहीत. भिंत किंवा झाड जितकं उंच असेल, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. वाऱ्याने कलंडू नये म्हणून दगडांचा आधार द्या. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टी उभी बुडवून मिलिमीटरमध्ये उंची वाचा, लिहा आणि भांडं रिकामं करा. साडेआठच का, तर आपलं हवामान खातंही त्याच वेळी नोंद घेतं, म्हणजे दोन्ही आकडे जुळवून पाहता येतात.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमच्या घराचं छत चाळीस चौरस मीटर असेल आणि वीस मिलिमीटर पाऊस झाला, तर छतावर आठशे लिटर पाणी पडलं. चार मोठी पिंपं! तो आकडा पाहिला की पन्हळ लावायची आठवण आपोआप होते.

गारांसाठीही कोकोरॉझची सोपी युक्ती आहे. थर्माकोलचा फूटभर चौकोनी तुकडा घ्यायचा, त्यावर ॲल्युमिनियमचा जाड कागद ताणून गुंडाळायचा आणि उघड्यावर ठेवायचा. गारा पडल्या की कागदावर खड्डे उमटतात. गार केवढी होती, किती पडल्या, हे ती वितळल्यावरही दिसतं. तारीख लिहून तो तुकडा जपून ठेवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. पाऊस आला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं. ही बर्फ मोजणारी माणसं शून्याला फार मानतात. जागा कोरी सोडली तर पाऊस पडला नाही की आपण पाहिलंच नाही, हे वर्षभराने कळत नाही. शून्य लिहिलं की कळतं, त्या दिवशी कुणीतरी पाहून आलं होतं.

तुम्ही म्हणाल, पावसाळ्याला अजून पाच-सहा महिने आहेत. म्हणूनच आत्ता सुरू करा. हे शून्यं लिहायचे दिवस आहेत, हाताला वळण लागतं. मधेच अवकाळी आला तर पहिला आकडा मिळेल. एकीवर भार नको. गटातल्या दहा जणींनी आठवडे वाटून घ्या. जिची पाळी तिने घरातल्या मुलीलाही सोबत न्यावं. महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब वाचतो, तसे महिन्याचे आकडे मोठ्याने वाचून दाखवा.

आमच्या केंद्राच्या गच्चीवरही आम्ही एक सरळ बरणी बसवली आहे. आज सकाळी साडेआठची नोंद आहे शून्य. तुमची काय आहे, ते पुढच्या भागाआधी फोन करून सांगा. वेगवेगळ्या गावांचे आकडे आम्ही एकत्र वाचून दाखवू.

तोवर काळजी घ्या, ऊबेत राहा. नमस्कार.