बटाट्याची लागवड

बटाटा आपल्या स्वयंपाकघरांत नित्य येतो. परंतु तो फळ नव्हे, मूळही नव्हे, तर जमिनीखालीं फुगलेलें खोड आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याची जन्मभूमि दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत होय. आपण त्यास जें नांव देतों, तें मात्र पोर्तुगीज भाषेंतून आलें आहे.

आपल्या कोल्हापुराकडे ऊस व भात हीं मुख्य पिकें. बटाट्याची शेती पाहावयाची तर पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत, सातगांव पठारावर जावें. तेथें हें पीक पावसाळ्यांत घेतात. आधीं जमीन नांगरून ढेंकळें फोडावयाचीं, कुळव फिरवावयाचा व शेणखत मिसळावयाचें. पाऊस पडून वाफसा आला कीं बैलांच्या नांगरानें तास काढावयाचा, मागून वीतभर अंतरावर एकेक बटाटा टाकीत जावयाचें, आणि मातीनें तो झाकावयाचा, अशी जुनी रीत आहे.

बटाट्याचें बियाणें म्हणजे बटाटाच. त्याच्या अंगावरील खळग्यांस डोळे म्हणतात. कोंब तेथूनच फुटतात. हिवाळी पिकास मोठा बटाटा कापून लावितात. मात्र प्रत्येक फोडीस दोन-तीन डोळे असावे लागतात, आणि काप सुकेपर्यंत फोडी सावलींत ठेवाव्या लागतात. पावसाळ्यांत ओलीनें फोडी सडतात, म्हणून लहान बटाटे अखंडच लावणें बरें.

सुमारें महिन्यानें रोपांच्या बुडाशीं मातीची भर देतात. ती न दिल्यास बटाटे उघडे पडतात, उन्हानें हिरवे होऊन विषारी बनतात, व त्यांवर पाखरूं अंडीं घालतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. फोडीपासून होणारें झाड मूळ झाडासारखेंच असतें. एकाची दुर्बलता तीच सर्वांची. आयर्लंडांतील गरीब लोक जवळजवळ एकाच जातीच्या बटाट्यावर जगत. सन १८४५ मध्यें तेथें करपा रोग पडला, पिकें पुनःपुन्हां बुडालीं, आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें १० लक्ष माणसें उपासमारीनें व साथींनीं मेलीं.

म्हणून शहाणा शेतकरी बियाणें निवडतांना घाई करीत नाहीं. सडका बटाटा कापला गेला तर तो विळी धुतल्यावांचून दुसऱ्यास लावीत नाहीं. कारण त्या पात्यावरून रोग साऱ्या शेतांत जातो. काम लहान खरें, पण वर्षाचें अन्न त्यावर अवलंबून असतें.