साँग्ज ऑफ द वाँडरर्स

तैवानमधील ‘क्लाउड गेट’ या नृत्यसंस्थेची एक ख्यातनाम नृत्यनाट्यकृती. नृत्यरचना लिन ह्वाय-मिन (१९४७– ) यांची. पहिला प्रयोग १९९४ मध्ये तैपेई येथे झाला. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘भटक्यांची गीते’ असा; तथापि हे भटके निरुद्देश हिंडणारे नसून यात्रिक आहेत.

लिन हे मूळचे कथालेखक. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात लेखनकलेचे अध्ययन करीत असताना ते आधुनिक नृत्याकडे आकृष्ट झाले. न्यूयॉर्क येथे त्यांनी मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यपद्धतीचे शिक्षण घेतले व मायदेशी परतून १९७३ मध्ये आपली संस्था स्थापन केली. १९९४ मध्ये ते बोधगयेस आले आणि तेथे बोधिवृक्षाखाली ध्यानस्थ बसले. या अनुभवातून प्रस्तुत कृती आकारास आली. हेर्मान हेस याच्या सिद्धार्थ (१९२२) या कादंबरीचाही तिच्यावर ठसा आहे. कादंबरीचा नायक गौतम बुद्ध नव्हे, तर त्याच नावाचा एक ब्राह्मणपुत्र होय. तपश्चर्या, भोग व वैफल्य या सर्वांतून गेल्यावर त्याला नदीकाठी, एका नावाड्याच्या सहवासात शांती लाभते. लिन यांनी हे कथानक रंगमंचावर आणलेले नाही. त्यांनी घेतली ती केवळ शोधाची तळमळ आणि नदी.

ही नदी भाताच्या दाण्यांची आहे. प्रयोगासाठी सुमारे साडेतीन टन सोनेरी दाणे वापरले जातात. कधी ते वाट होतात, कधी पाऊस, तर कधी वाळवंट. काठ्या टेकीत जाणारे यात्रिक त्यांत लोळतात, त्यांचा मारा अंगावर झेलतात. रंगमंचाच्या एका बाजूस मात्र एक भिक्षू हात जोडून उभा असतो. त्याच्या मस्तकावर वरून दाण्यांची बारीक धार अखंड पडत राहते आणि तासाहून अधिक काळ तो हलत नाही. ही भूमिका अनेक वर्षे वांग रोंग-यू या नटाने केली. यात्रिकांची तडफड आणि भिक्षूची निश्चलता यांतील ताण हेच या कृतीचे नाट्य. संवाद वा घटना यांची तिला गरज भासत नाही.

संगीत जॉर्जियातील लोकगीतांचे असून ती रुस्तावी या गायकवृंदाने गायिली आहेत. तैवानी नर्तक, भारतीय नदी व कॉकेशसमधील बहुस्वरी पुरुषकंठ हा मेळ कागदावर विजोड वाटतो. परंतु गीतांचे शब्द बहुतेक प्रेक्षकांस अपरिचित असल्याने त्यांतील आर्तताच तेवढी उरते, आणि कोणत्याही एका धर्माचा शिक्का कृतीवर बसत नाही.

ध्यानासारखी अंतर्मुख अवस्था तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर मांडता येते काय, हा खरा प्रश्न होता. निव्वळ अभिनयाने ती साधली असती, तर तिचे सोंग झाले असते. म्हणून नर्तकांच्या सरावातच ध्यानाचा समावेश करण्यात आला. ग्रॅहॅमपद्धतीतील आवेगाऐवजी श्वास आणि संथ गती यांना महत्त्व आले. मून वॉटर (१९९८) सारख्या पुढील रचनांत याच वळणाचा विकास दिसतो. त्या दृष्टीने ही कृती परिवर्तनाविषयीची असून संस्थेच्या परिवर्तनाचे कारणही ठरली.

अखेरच्या भागात भिक्षू व यात्रिक निघून जातात. एकटा माणूस दंताळ्याने विखुरलेले दाणे ओढीत मधून बाहेर वाढत जाणारी वर्तुळे रेखतो. हे काम बराच वेळ चालते, आणि काही प्रेक्षकांना ते कंटाळवाणेही वाटते.

लिन २०१९ च्या अखेरीस निवृत्त झाले व २०२० पासून संस्थेची धुरा चेंग त्सुंग-लुंग यांच्याकडे आली.