दुकान, गोदाम आणि एकच खतावणी

पुण्यात बोहरी आळीतील हार्डवेअरचे दुकान असो, नाना पेठेतील मोटारीच्या सुट्या भागांचे असो, की भवानी पेठेतील लाकडाची वखार असो, पुष्कळ ठिकाणी आता गल्ल्यावर एक, हिशेबनिसाकडे एक आणि गोदामात एक अशी संगणकाची तीन यंत्रे दिसतात. तीन माणसे एकाच वेळी नोंदी करतात. मग खतावणी नेमकी कोणत्या यंत्रात आहे? हा प्रश्न आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी स्वतःला विचारावा.

मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ॲक्सेस बाजारात आणले. त्यावर बिले, माल व उधारीचा प्रोग्राम करून घेता येतो. त्याची योग्य मांडणी दोन फाइलींची. पहिलीत बिलाचे नमुने व अहवाल. तिची स्वतंत्र प्रत प्रत्येक यंत्रावर असावी. दुसरीत प्रत्यक्ष नोंदी. ती एकाच यंत्रावर, सर्वांना उघडणाऱ्या फोल्डरमध्ये असावी. पहिल्या फाइलीत दुसरीचा फक्त पत्ता लिहिलेला असतो.

अडचण या पत्त्याचीच आहे. यंत्र बदलले, फोल्डरचे नाव बदलले किंवा ‘झेड’ ड्राइव्हचा ‘वाय’ झाला, की नोंदी सापडत नाहीत. गिऱ्हाईक समोर उभे असते. घाईत नोकर जुनी प्रत आपल्या यंत्रावर उतरवतो आणि तिच्याशी जोडणी करतो. काम सुरू होते, चूक दाखवली जात नाही. पण त्या क्षणापासून खतावण्या दोन झालेल्या असतात. जमा एकीत, बाकी दुसरीत. ज्याने पैसे चुकते केले त्याच्याकडेच महिन्याने पुन्हा मागणी जाते. उधारीचा धंदा शब्दावर चालतो. तो शब्द येथे जातो. शिवाय १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या नियमांनुसार आर्थिक वर्षात बिलाचा क्रमांक दुबार येऊन चालत नाही. दोन खतावण्यांत तो हमखास येतो.

यावर उपाय आहे. ॲक्सेसमधील लिंक्ड टेबल मॅनेजरने पत्ता हाताने बदलता येतो, पण ते काम नोकरावर सोडू नये. प्रोग्राम उघडताच त्याने स्वतःच जोडणी तपासावी, अशी सोय करून घ्यावी. नोंदींच्या फाइलीचा पत्ता एका छोट्या मजकूर फाइलीत ठेवावा. ऑटोएक्झेक मॅक्रो प्रोग्राम उघडताना आपोआप चालतो. त्याने तो पत्ता वाचावा, फाइल तेथे आहे का पाहावे आणि पत्ता बदललेला असल्यास ‘रिफ्रेशलिंक’ या आज्ञेने प्रत्येक तक्ता नव्याने जोडावा. फाइल सापडलीच नाही तर तसे सांगून थांबावे. कोरी फाइल कधीही तयार करू नये. फाइलीत पेढीचे नाव व आर्थिक वर्षही नोंदवून ठेवावे आणि जोडण्यापूर्वी ते जुळवून पाहावे. म्हणजे एप्रिलमध्ये गेल्या सालच्या वहीत नवी बिले चढणार नाहीत. पत्ता ड्राइव्हच्या अक्षराऐवजी यंत्राच्या नावाने लिहिलेला बरा. अक्षर यंत्रागणिक बदलते.

आणखी तीन गोष्टी. ही जोडणी तारेनेच ठेवावी. वाय-फाय मध्येच तुटले तर फाइल बिघडू शकते. फाइलीची मर्यादा २ जीबी आहे, हे ध्यानात असावे. आणि राखीव प्रत रोज, सर्वांनी प्रोग्राम बंद केल्यावरच घ्यावी.

प्रोग्राम करून देणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. राखीव प्रत घेऊन, सर्व यंत्रांवरील प्रोग्राम बंद करून नोंदींच्या फोल्डरचे नाव त्याला आपल्यासमोर बदलायला सांगा आणि प्रोग्राम उघडा. तो अडला व कारण सांगितले, तर काम पक्के. तो जुन्या किंवा कोऱ्या खतावणीवर मुकाट उघडला, तर पैसे राखून ठेवा आणि काम पुरे करून घ्या.