डोंगरावरचे प्रवचन म्हणजे नेमके काय? येशूची शिकवण आणि राजनांदगावच्या गाडीतले टिळक

हट्टा रोड स्टेशनावर गाडीत बसून गोंदियाला उतरलेली माणसं पुढे दोन दिशांना पांगतात. काही नागपूरकडे, काही राजनांदगाव-रायपूरकडे. बालाघाटचा फाटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला, पण नागपूर-राजनांदगाव गाडी त्याआधीच धावत होती. १८९३ मध्ये याच मार्गावर एक मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाला होता. नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती बायबलचा 'नवा करार' ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही.

टिळकांना ते पुस्तक आधी काही रुचले नाही. शब्द दिला होता म्हणून वाचत राहिले. मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायापाशी आले आणि तिथेच अडकले. पाच, सहा आणि सात हे तीन अध्याय म्हणजे 'डोंगरावरचे प्रवचन'. लोकांची गर्दी पाहून येशू डोंगरावर चढून बसला आणि बोलला, असा त्याचा प्रसंग आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

मग त्या तीन अध्यायांत आहे तरी काय?

सुरुवात धन्य कोण, यापासून होते. येशूच्या यादीत राजा नाही, सावकार नाही, पंडित नाही. शोक करणारे, नम्र, न्यायासाठी भुकेलेले, दयाळू, समेट घडवणारे, छळ सोसणारे यांना तो धन्य म्हणतो. मत्तयमध्ये 'आत्म्याने दीन' असा शब्द येतो, तर लूकच्या शुभवर्तमानात थेट 'दीन', म्हणजे गरीब. हा फरक लहान नाही. मनाची नम्रता की पोटाची भूक, यावर ख्रिस्ती लोकांत आजही वाद होतो, आणि दोन्ही बाजूंना आपापला आधार आहे.

त्यानंतरचा भाग जास्त कठीण आहे. खून करू नको हे सगळ्यांना माहीत होते. येशू म्हणतो, राग धरलास तरी तू दोषी. दान द्यायचे तर डाव्या हाताला उजव्याचे कळू नये. प्रार्थना खोलीचे दार लावून करावी. शेजाऱ्यावर प्रेम करण्यावर तो थांबत नाही, शत्रूवरही करायला सांगतो. सूर्य चांगल्या-वाईट दोघांवर उगवतो, पाऊसही दोघांच्या शेतावर पडतो, मग माणसाने निवड का करावी, असा त्याचा युक्तिवाद आहे. धानपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकाच्या बांधीत पाणी आणि शेजारच्या बांधीत कोरड, असे पावसाने धुरा पाहून कधी केले आहे?

त्यातली एक आज्ञा मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळते. त्या काळी पॅलेस्टाईनवर रोमचे राज्य होते. रोमन शिपाई वाटेवरच्या कोणाही माणसाला धरून त्याच्या डोक्यावर आपले ओझे देऊ शकत होता. मराठी बायबलमध्ये यासाठी 'वेठीस धरणे' हाच शब्द आला. मालगुजारी आणि जमीनदारीच्या मुलखात वेठबिगार म्हणजे काय, हे जुन्या माणसांना विचारावे लागत नाही. येशू म्हणतो, एक कोस नेले तर तू दोन कोस जा. ऐकायला ही लाचारी वाटते. पण पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा असतो, दुसरा कोस चालणाऱ्याच्या मर्जीचा. तिथे मालक बदलतो. उजव्या गालावरच्या थपडीबद्दलही काही अभ्यासक असेच सांगतात. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हात उलटा करूनच मारावे लागते, आणि उलट्या हाताची थप्पड हा अपमान. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे पळूनही न जाणे आणि उलटूनही न मारणे. पुढे याच शुभवर्तमानात शिपाई कुरेनेच्या शिमोनाला येशूचा क्रूस वाहायला वेठीस धरतात. तिथेही तोच शब्द आहे.

येशू गर्दीशी बोलताना बहुधा गोष्टी सांगे. मराठी ख्रिस्ती मंडळी त्यांना 'दाखले' म्हणतात (तहसीलमधल्या दाखल्याशी याचा संबंध नाही). पेरणाऱ्याचा दाखला आवत्या धान फेकणाऱ्याला लगेच पटेल: काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीत, काही काट्यांत, आणि चांगल्या जमिनीतले तीसपट, साठपट, शंभरपट झाले. पण हिशेबाचा दाखला त्याहून झोंबणारा आहे. एका चाकराचे राजाकडे दहा हजार तालांत कर्ज असते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. एकूण सहा कोटी दिवस! राजा ते सगळे माफ करतो. बाहेर पडताच हाच चाकर दुसऱ्या चाकराचा गळा धरतो, शंभर दिवसांच्या मजुरीसाठी. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमचे ऋण सोड' या मागणीला आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडले, अशी जोड आहे. श्रद्धावंत रोज ते म्हणतात आणि रोज स्वतःलाच त्यात बांधून घेतात.

इथे आदर करणारा आणि श्रद्धावंत वेगळे होतात. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की हे प्रवचन थेट त्यांच्या हृदयाला भिडले, आणि त्यांनी ते गीतेच्या शेजारी ठेवून वाचले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. श्रद्धावंताला मात्र हे वचन सांगणाऱ्यापासून सुटे करता येत नाही. शत्रूवर प्रेम करा म्हणणारा स्वतः क्रूसावर मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो, म्हणून त्या आज्ञेला वजन आहे असे तो मानतो. आणि हे सगळे पाळणे आपल्या बळावर होत नाही, कृपा लागते, असेही मानतो. यातून पळवाटही निघते, हे खरे. नाही जमले तरी कृपा आहेच, असे म्हणणारे काही कमी नाहीत. पण प्रवचनाचा शेवट त्या पळवाटेला आड येतो: ऐकून करणाऱ्याचे घर खडकावर, नुसते ऐकणाऱ्याचे वाळूवर.

टिळकांना याची किंमत घरातच मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. ती ताटातूट जवळपास पाच वर्षांची. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी ती वर्षे लिहिली आहेत, नवऱ्याला सोडत नाहीत आणि स्वतःलाही नाहीत. त्यांचा बदल प्रवचनाच्या वादातून झाला नाही. जात माणसाने केली, देवाने नाही, हे आधी पटले आणि शिवाशिव गेली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

मराठीतला हा प्रवास टिळकांच्याही आधीचा आहे. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी भाषांतर सुरू केले. १८०५ मध्ये छापले गेले ते मत्तयचेच शुभवर्तमान. पण तिथली मराठी कानाला परकी होती. टिळकांनी येशूला अभंगात, ओवीत आणि कीर्तनात आणले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येशूचे शिष्य म्हणून बसू शकत होते. पुढे दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले.